‘जैविक’ या शब्दाची पत

खरिपाच्या तोंडावर महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात एक दृश्य पाहावयास मिळते. शेतकरी युरियाची किंवा डीएपीची गोणी मागतो. गोणीबरोबर त्याच्यापुढे एक रंगीत बाटली ठेवली जाते. बाटलीवर हिरवे पान असते, ‘जैविक’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि दुप्पट फुटवे, भरघोस फळधारणा, रोगप्रतिकारशक्ती अशी आश्वासनांची रांग असते. दुकानदार तिला ‘टॉनिक’ म्हणतो. ती घेतल्याशिवाय गोणी हाती पडत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात या व्यवहाराला ‘लिंकिंग’ असे नाव पडले आहे. उधारीच्या वहीत बाटलीची रक्कम मांडली जाते आणि हंगामाच्या शेवटी कापूस, सोयाबीन वा तूर विकून ती फेडली जाते. बाटलीत नेमके काय होते, त्याचा पिकाला उपयोग झाला की नाही, हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. या व्यवहारात त्याचा पैसा जातो, आणि त्याबरोबर ‘जैविक’ या शब्दावरचा त्याचा विश्वासही जातो.

हा प्रकार किती व्यापक होता, याची कबुली सरकारच्याच बाजूने मिळाली आहे. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले, की या देशात अनेक वर्षे सुमारे ३० हजार जैवउत्तेजक उत्पादने कोणत्याही तपासणीविना विकली जात होती. अलीकडच्या चार वर्षांतही सुमारे आठ हजार उत्पादने बाजारात होती. काटेकोर छाननीनंतर ही संख्या सुमारे ६५० वर आली. खतांबरोबर अशी उत्पादने सक्तीने गळ्यात मारणे थांबवावे, असे त्यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनाही कळविले. ३० हजारांवरून ६५०! गळालेल्यांपैकी सर्वच उत्पादने खोटी होती, असे म्हणता येणार नाही. काहींनी कागदपत्रांचा खटाटोप केला नसेल, काहींना चाचण्यांचा खर्च परवडला नसेल. परंतु पुरावा मागताच ज्या बाजाराचा एवढा मोठा भाग विरघळून जातो, तो बाजार कशाच्या आधारावर उभा होता, हा प्रश्न प्रत्येक राष्ट्रहितचिंतकाने स्वतःला विचारला पाहिजे.

जैवउत्तेजक म्हणजे काय, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. ते खत नव्हे, कारण ते पिकाला नत्र, स्फुरद, पालाश पुरवीत नाही. ते कीटकनाशकही नव्हे, कारण ते कीड मारीत नाही. जमिनीत वा खतात असलेले अन्न वनस्पतीने अधिक चांगले उचलावे, उन्हाचा ताण, पाण्याची ओढ किंवा क्षारांचा त्रास तिने अधिक सोसावा, यासाठी तिच्या अंगभूत क्रियांना चालना देणारा पदार्थ तो जैवउत्तेजक. समुद्री शेवाळाचे अर्क, ह्युमिक व फुल्विक आम्ले, अमिनो आम्ले व प्रथिनांचे विघटित अंश, जीवनसत्त्वे, सूक्ष्मजीवांपासून मिळणारे पदार्थ हे सारे या वर्गात मोडतात. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीत या वर्गाची व्याख्या केली आणि ती जुलै २०२२ पासून अमलात आणली. भारताने त्याच्याही आधी, २३ फेब्रुवारी २०२१ रोजी, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैवउत्तेजकांना कायद्याच्या चौकटीत घेतले. उत्पादनाची परिणामकारकता वेगवेगळ्या हवामानाच्या प्रदेशांत शेतावर तपासून दाखवावी, त्याची विषबाधा-चाचणी व्हावी आणि त्यात रासायनिक कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा अधिक नसावा, अशा अटी घालण्यात आल्या. यातील शेवटची अट विशेष बोलकी आहे. ‘जैविक’ म्हणून विकलेल्या बाटलीत गुपचूप रसायन मिसळायचे आणि कीड मेली की श्रेय वनस्पती-अर्काला द्यायचे, ही लबाडी शेतीच्या बाजाराला नवीन नाही.

कायदा झाला, तरी तात्पुरत्या प्रमाणपत्रांच्या आधारे विक्रीला दिलेल्या मुदती पुन्हा पुन्हा वाढविण्यात आल्या. अखेरची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. आदेश निघाल्यापासून चार वर्षांहून अधिक काळ गेल्यानंतर जे घडले ते स्वागतार्ह आहे. परंतु त्या चार वर्षांत फसलेल्या शेतकऱ्याची भरपाई कोण करणार, याचे उत्तर कोणाजवळही नाही.

या बाजारगर्दीत खऱ्या संशोधनाचा आवाज दबून जातो, ही याहून मोठी हानी आहे. भावनगर येथील केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने कप्पाफायकस या समुद्री शेवाळावर दीर्घकाळ काम केले. ताज्या शेवाळातून रस वेगळा काढायचा, तो पिकांवर फवारण्यासाठी वापरायचा आणि उरलेल्या चोथ्यातून अन्नोद्योगाला लागणारे कॅरागीनन मिळवायचे, अशी एकच कच्चा माल दोन कामी लावणारी पद्धत या संस्थेने विकसित केली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर हे शेवाळ वाढविणाऱ्या मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला. हे खरे स्वदेशी विज्ञान आहे. परंतु कृषी सेवा केंद्राच्या फळीवर या संशोधनातून आलेली बाटली आणि कोणीतरी गावाबाहेरच्या शेडमध्ये रंग व गूळ कालवून भरलेली बाटली शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि शेतकऱ्याला त्यांत फरक करता येत नाही. खोट्या नाण्याने खरे नाणे बाजारातून हुसकावून लावावे, तसाच हा प्रकार आहे.

पुराव्याचे सामर्थ्य काय असते, हे कडुनिंबाच्या लढ्याने या देशाला शिकविले आहे. निंबाची उपयुक्तता भारतीय घराघराला ठाऊक होती. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालणाऱ्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेने ते सांगितले नव्हते. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील मिश्रण फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत, हे प्रयोगाने सिद्ध केले. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी निंबोळीतील ‘अझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य वेगळे काढले. पाश्चात्त्य उद्योगांचे लक्ष निंबाकडे वळले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने निंबतेलाने बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही बहुराष्ट्रीय कंपनी यांना बहाल केले. ज्ञान इथले आणि मालकी तिथली, असा हा उफराटा न्याय होता.

या पेटंटाला वंदना शिवा, युरोपीय संसदेतील माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी आव्हान दिले. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. या निकालाचा आनंद देशभर साजरा झाला, तो योग्यच होता. परंतु निकाल कशामुळे लागला, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. म्युनिकच्या त्या दालनात ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ एवढ्याच विधानावर भागणारे नव्हते. महाराष्ट्रातील एका उद्योजकाने साक्ष दिली, की पेटंटाच्या अर्जाआधीच, १९८५-८६ च्या सुमारास, पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशा निंब-अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. शेतावरच्या प्रयोगाचा हा पुरावा निर्णायक ठरला. परंपरेचा अभिमान लढ्याला बळ देतो. लढा जिंकून देते ती नोंद.

जैविक कीडनियंत्रणाच्या क्षेत्रातही भारताचा इतिहास दीर्घ आहे. किडीचा शत्रू शोधून त्याच्याकरवी किडीचा बंदोबस्त करणे, हे या शास्त्राचे सूत्र. १७६२ मध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातील साळुंकी मॉरिशसला नेण्यात आली. एका देशातून दुसऱ्या देशात शत्रुजीव नेऊन सोडण्याचे हे जगातील आद्य उदाहरण मानले जाते. निवडुंगाने गिळलेल्या दक्षिण भारतातील जमिनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कोचिनील जातीच्या किड्यांनी मोकळ्या केल्या. अलीकडच्या काळात महाराष्ट्राने अनुभवलेला प्रसंग तर अनेकांच्या स्मरणात असेल. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागातील उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरला. पानांखाली कापसासारखे पांढरे थर, वर काळी बुरशी आणि खुरटलेला ऊस, असे चित्र मैलोन् मैल दिसू लागले. पुरुषभर उंच उसात शिरून रसायने फवारणे अवघड, आणि फवारली तरी कीड पुन्हा उसळे.

त्या वेळी कृषी विद्यापीठे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बंगळुरूचे जैविक कीडनियंत्रण प्रकल्प संचालनालय आणि साखर कारखाने यांच्या प्रयत्नांतून मित्रकीटकांचा मार्ग पुढे आला. डिफा ही मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हा कीटक यांची वाढ करून ते शेतांत सोडण्यात आले. ज्या ईशान्य भारतात लोकरी मावा पूर्वीपासून होता, तेथील एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशी आसामातून आणून इकडच्या उसात सोडण्यात आली. मित्रकीटक असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेणे हेच तेव्हा औषध ठरले. फवारणी थांबवा, मित्रकीटक मरतील, असे शास्त्रज्ञांना शेतकऱ्यांना समजावून सांगावे लागले. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील एका नगण्य कीटकाने कृष्णेच्या खोऱ्यातील ऊस सावरण्यास हात दिला. भारताची एकात्मता निसर्गातही कशी विणलेली आहे, याचे याहून सुंदर उदाहरण क्वचितच सापडेल.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची कथाही अशीच आहे. मूळ मेक्सिकोकडची ही कीड २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळली आणि पपईबरोबर तुती व इतर अनेक पिकांवर पसरली. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून तिचे नैसर्गिक शत्रू असलेले परोपजीवी कीटक आणले, विलगीकरणात त्यांची रीतसर तपासणी केली आणि मगच ते शेतांत सोडले. अॅसेरोफॅगस या त्यांतील कीटकाने काही महिन्यांतच किडीला आवर घातला. स्वदेशी म्हणजे खिडक्या-दारे बंद करून बसणे नव्हे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. बाहेरचे उपयुक्त ते तपासून घ्यावे, आपल्या गरजेप्रमाणे वापरावे आणि त्यावर आपली सत्ता ठेवावी, हाच स्वदेशीचा सम्यक अर्थ आहे.

या यशाच्या शेजारी अपयशही ठेवले पाहिजे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे विष-प्रथिन कापसाच्या झाडातच तयार व्हावे, अशी ती योजना होती. आरंभी बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर्व शेतांत तेच एक हत्यार, भोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावण्याच्या नियमाकडे दुर्लक्ष आणि फरदड घेऊन लांबविलेला हंगाम यांचा परिणाम व्हायचा तोच झाला. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या वाणाला दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या पिढीचे वाणही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले.

त्याच्या मागोमाग आला २०१७ चा खरीप. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. डोक्याइतका वाढलेला कापूस, दमट उकाडा, अंगावर संरक्षक कपडा नाही, पाठीवर पंप आणि पंपात दोन-तीन जहाल औषधांचे दुकानदाराच्या सल्ल्याने केलेले मिश्रण! जो मजूर दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करीत होता, त्याला त्या औषधांची नावेही ठाऊक नव्हती. जैविक कीडनियंत्रणाचा विचार हा केवळ सात्त्विक आहाराचा वा निर्यातीचा प्रश्न नाही. तो या मजुराच्या जिवाचा प्रश्न आहे. ज्यांना कामगंध सापळे, निंबोळी अर्क, ट्रायकोकार्ड या गोष्टी हौशी लोकांचे छंद वाटतात, त्यांनी यवतमाळच्या त्या हंगामाचे स्मरण ठेवावे.

नेमके येथेच परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी स्वतःच्या अंगणातही पाहणे आवश्यक आहे. या देशाला वनस्पतिशास्त्राचा समृद्ध वारसा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या प्रकरणात बीजसंस्कार सांगितले आहेत. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात ‘कुणपजल’ या आंबवलेल्या द्रवखताचा विधी आहे. सुरपालाच्या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होते. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी ते मिळविले आणि सिकंदराबादच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशनतर्फे डॉ. नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. डॉ. नेने कोणी भाबडे परंपरापूजक नव्हते. पंतनगर येथे काम करताना भाताचा ‘खैरा’ रोग हा जंतूंमुळे नव्हे, तर जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. त्या शास्त्रज्ञाने प्राचीन ग्रंथ हाती घेतला तो पूजेसाठी नव्हे, तर परीक्षेसाठी. मूळ कुणपजलात प्राण्यांचे मांस, मेद व हाडे वापरली जात. ते लपवून न ठेवता, आजच्या शेतकऱ्याला चालेल असे वनस्पतिजन्य कुणपजल त्यांनी सुचविले आणि शेतकऱ्यांना ते करून पाहण्यास सांगितले. परंपरेकडे पाहण्याची ही निकोप दृष्टी आहे.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने कोंबडीची पिसे, डुकराच्या ऊती, गुरांची कातडी आदी प्राणिजन्य पदार्थांपासून तयार होणाऱ्या ११ जैवउत्तेजकांची मान्यता मागे घेतली. कोट्यवधी शाकाहारी शेतकऱ्यांच्या व ग्राहकांच्या भावनांचा विचार करून घेतलेला हा निर्णय स्वागतार्ह आहे. आपण भाजीवर काय फवारतो आणि काय खातो, हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु एका गोष्टीचे भान हवे. कौटिल्य आणि सुरपाल यांनी प्राणिजन्य द्रव्यांचा उल्लेख निःसंकोच केला आहे. त्यामुळे भावनेचा आदर भावना म्हणून करावा. त्यासाठी इतिहासाला नवा मुलामा देण्याची गरज नाही. पर्याय उभा करायचा असेल, तर सोयाबीन, शेवाळ अशा वनस्पतिजन्य स्रोतांतून तितकीच परिणामकारक उत्पादने निर्माण करणाऱ्या संशोधनाला बळ देणे, हाच खरा मार्ग आहे.

हीच कसोटी जीवामृत, दशपर्णी अर्क, पंचगव्य यांनाही लावली पाहिजे. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा विचार देशभर नेला आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. गोवंशाधारित शेतीला राजमान्यता मिळणे ही समाधानाची बाब आहे. मात्र राजमान्यतेबरोबर उत्तरदायित्वही येते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांच्या मिश्रणात कोणते सूक्ष्मजीव किती दिवस टिकतात, कोणत्या जमिनीत, कोणत्या पिकात किती फरक पडतो, कोठे पडत नाही, याची उत्तरे मोजून दिली गेली पाहिजेत. उत्तर अनुकूल आले तर जगापुढे ठेवावे. प्रतिकूल आले तर पद्धत सुधारावी. ज्या संस्कृतीने प्रश्नोत्तरांतून उपनिषदे घडविली, तिला शेतातल्या प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणारा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ हा गोमातेचा द्वेष्टा असतो, हा समज जितक्या लवकर दूर होईल तितके बरे.

उत्साहाच्या भरात घाई केल्याचे फळ काय मिळते, हे शेजारच्या श्रीलंकेने दाखविले. २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खते व कीटकनाशकांच्या आयातीवर जवळजवळ एका रात्रीत बंदी घातली. पर्यायी निविष्ठांची तयारी नव्हती, शेतकऱ्यांचे प्रशिक्षण नव्हते, पुरेसा अवधी नव्हता. भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली. त्या फजितीने सेंद्रिय शेतीच्या विरोधकांना जेवढे बळ मिळाले, तेवढे कोणत्याही रसायन कंपनीच्या जाहिरातींनी मिळाले नसते. चांगल्या विचाराची सर्वांत मोठी हानी त्याचे अविचारी समर्थक करतात.

मग मार्ग कोणता? त्याचे उत्तर जैविक साधनांच्या स्वभावातच दडलेले आहे. रासायनिक कीटकनाशक निर्जीव असते. ते कारखान्यात तयार होऊन हजार किलोमीटरवरच्या दुकानात वर्षभर पडून राहू शकते. जैविक साधन सजीव असते. ट्रायकोकार्डावर परोपजीवी ट्रायकोग्रामाने आपली अंडी घातलेली हजारो पतंग-अंडी चिकटविलेली असतात. त्यांतून काही दिवसांतच चिलटाहून लहान मित्रकीटक बाहेर पडतात. ते कार्ड वेळेवर बांधापर्यंत पोहोचले नाही, तर तो केवळ कागद उरतो. घाटेअळीवरचा विषाणू कडक उन्हात निष्प्रभ होतो. म्हणून तो सायंकाळी फवारावा लागतो. ट्रायकोडर्मा ही मित्र-बुरशी विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवली, तर पेरणीपर्यंत तिच्यात किती जीव उरेल, हे सांगावयास नको. म्हणजेच जैविक शेतीचा कारखाना दूर असून चालत नाही. तो तालुक्यात, गावात, शेतकऱ्याच्या हाकेच्या अंतरावर असावा लागतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी विकेंद्रित अर्थरचनेचा आग्रह धरला, तो अनेकांना स्वप्नाळू वाटला. येथे तर विकेंद्रीकरण ही तांत्रिक गरजच आहे.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांनी चालविलेल्या मित्रकीटकांच्या प्रयोगशाळांनी हे करून दाखविले आहे. नानाजी देशमुख यांनी उभारलेल्या दीनदयाळ शोध संस्थेची कृषी विज्ञान केंद्रे चित्रकूटपासून बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईपर्यंत काम करीत आहेत. देशात आज सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. या प्रत्येक केंद्राच्या परिघात महिला बचत गटांनी वा सहकारी संस्थांनी चालविलेले जैविक निविष्ठा केंद्र उभे राहिले, तर ग्रामीण तरुणांना गावातच कौशल्याचे काम मिळेल आणि शेतकऱ्याला ताजी, विश्वासार्ह वस्तू मिळेल. मात्र तेथेही तपासणी हवीच. घरच्या माणसाने केलेले म्हणून ते शुद्धच असणार, हा न्याय पुरेसा नाही.

सरकारकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली, मान्यताप्राप्त जैवउत्तेजकांची यादी आणि त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मराठीतून, शेतकऱ्याला समजतील अशा शब्दांत, प्रत्येक कृषी सेवा केंद्राबाहेर लावले जावेत. दुसरी, बाजारातील बाटल्यांचे नमुने नियमितपणे तपासले जावेत आणि ज्यांत लपविलेले रसायन आढळेल त्या उत्पादकाचे नाव जाहीर व्हावे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडल्याने युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे अडकली आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना त्याची झळ बसली, हे विसरता येणार नाही. अघोषित रसायनाची बाटली ही अशा संकटाची सुरुंगपेरणी असते. तिसरी, कृषी विद्यापीठांना व संशोधन संस्थांना या विषयासाठी मनुष्यबळ व निधी द्यावा. चाचण्यांचा सारा खर्च उत्पादकावर टाकला, तर बडी बहुराष्ट्रीय कंपनी तो सहज सोसेल. प्रामाणिक लहान भारतीय उद्योजक मात्र बाद होईल. लघुउद्योगांसाठी चाचणीशुल्कात सवलत देणे हाही स्वदेशीचाच भाग आहे.

परंतु सर्व काही सरकारवर सोडणे हा संघटित समाजाचा स्वभाव नव्हे. ग्रामविकासाच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांना एक साधे काम हाती घेता येईल. गावातील एका शेतकऱ्याचे एक शेत निवडावे. अर्ध्या भागात जीवामृत, शेवाळ-अर्क वा निंबोळी अर्क वापरावा आणि अर्ध्या भागात वापरू नये. बियाणे, पाणी, खत, मशागत सारे सारखे ठेवावे. पेरणीपासून काढणीपर्यंत किडी मोजाव्यात, खर्च लिहावा, उत्पन्न तोलावे आणि जे आले ते, मनासारखे असो वा नसो, गावापुढे वाचून दाखवावे. असे दोन-तीन हंगाम झाले, की त्या गावाला कोणत्याही विक्रेत्याच्या गोड बोलण्याची गरज उरणार नाही. शहरातील कुटुंबांनीही ‘सेंद्रिय’ हा शब्द वाचून चढा भाव देण्यापूर्वी प्रमाणपत्र पाहावे, शक्य असेल तेथे शेतकऱ्याशी थेट नाते जोडावे आणि डाग पडलेली वांगी, एखादी अळी निघालेला फ्लॉवर पाहून नाक मुरडण्याची सवय सोडावी. निष्कलंक भाजीचा हट्ट शेवटी फवारणीच्या पंपापर्यंत पोहोचतो.

म्युनिकमध्ये निंब जिंकला, कारण कोणीतरी पुणे-सांगलीच्या शेतांत प्रयोग केले होते आणि त्यांचा पुरावा राखला होता. उद्या शेवाळाचे, गोमूत्राचे, एखाद्या रानवनस्पतीच्या अर्काचे असेच वाद जगाच्या चव्हाट्यावर येतील. त्या वेळी भारताच्या हाती घोषणा असतील की नोंदी, हे आजच्या शेतांत ठरणार आहे. आणि त्याहूनही आधी, येत्या खरिपात कृषी सेवा केंद्राच्या फळीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘जैविक’ हा शब्द विश्वासाने वाचता आला पाहिजे. त्या विश्वासाचे रक्षण करणे, हे आज गोरक्षणाइतके आणि भूमिरक्षणाइतकेच राष्ट्रकार्य आहे.